साठीनंतर सायकलवर : ‘आता आराम करा’ या सल्ल्याचा इतिहास

मागच्या पावसाळ्यात माझ्या साताऱ्याच्या दवाखान्यात एक जोडपं आलं. दोघंही माझे जुने पेशंट. काका ६४ वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. बारा वर्षांपासून ब्लडप्रेशर आहे, रोज एक गोळी चालू. काकू ६० वर्षांच्या. वजन थोडं जास्त, जिना उतरताना गुडघे दुखतात, शुगर काठावर. नेहमीप्रमाणे बीपी तपासलं, गोळ्या लिहून दिल्या. पण दोघं उठेनात. मग काकांनी पिशवीतून घडी घातलेला नकाशा काढून टेबलावर पसरला.

“डॉक्टर, आम्हाला सिमल्याहून किन्नौरमार्गे स्पितीत काझाला जायचंय. सायकलनं. दोघांनी.”

चारशेहून जास्त किलोमीटर. बऱ्याच ठिकाणी डांबर उखडलेलं, कुठे नुसती खडी, कुठे रस्त्यावरून वाहणारे ओढे. आणि काझा समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून उंच!

खरं सांगतो, “काका, या वयात कशाला हा उपद्व्याप?” हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. पण ते मी गिळलं. कारण वीसेक वर्षांपूर्वी हेच वाक्य मी एका पेशंटला बोललो होतो. ते निवृत्त शिक्षक होते, रोज सायकलनं मंडईत जायचे. अँजिओप्लास्टी झाल्यावर त्यांनी विचारलं, “सायकल चालवू का?” मी म्हणालो, “पुष्कळ चालवलीत, आता आराम करा.” त्यांनी माझं अक्षरशः ऐकलं. दोन वर्षांत वजन वाढलं, शुगर वाढली, मांड्या बारीक झाल्या. एक दिवस न्हाणीघरात पाय घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. हे सगळं माझ्या एका वाक्यामुळे झालं असं सिद्ध करता येणार नाही. पण माझा त्यात वाटा होता, हे मला माहीत आहे.

‘आता आराम करा’ हा सल्ला आम्हा डॉक्टरांच्या तोंडी इतका सहज का येतो? आज त्याचाच इतिहास सांगतो. सुरुवात करू अशाच एका जोडप्यापासून. त्यातला नवरा स्वतः डॉक्टर होता.

१८९७ : भारतात सायकलवर आलेलं जोडपं

डॉ. विल्यम हंटर वर्कमन यांचा जन्म १८४७ चा. हार्वर्डमधून वैद्यकीय पदवी घेऊन ते अमेरिकेत वूस्टर या गावी प्रॅक्टिस करत होते. त्यांचं फॅनी बुलक यांच्याशी लग्न झालं. फॅनी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान. १८८९ मध्ये प्रकृती बिघडल्याचं कारण देऊन डॉक्टरसाहेबांनी चाळिशीतच प्रॅक्टिस सोडली आणि कुटुंब जर्मनीला गेलं. गंमत म्हणजे तिथे पोहोचल्यावर त्यांची तब्येत लवकरच सुधारली. पण पुढे मोठं दुःख वाट्याला आलं. त्यांचा लहानगा मुलगा १८९३ मध्ये आजारानं गेला.

त्यानंतरच्या वर्षांत या जोडप्याचे सायकलचे मोठे प्रवास सुरू झाले. आधी युरोप, मग अल्जीरिया, मग स्पेन. स्पेनमध्ये त्यांनी सुमारे साडेचार हजार किलोमीटर सायकल चालवली, दिवसाला सरासरी सत्तर किलोमीटर. आणि १८९७ साली ते भारताकडे आले. तेव्हा डॉक्टर ५० वर्षांचे होते आणि फॅनी ३८ वर्षांच्या. आज पन्नाशी म्हणजे काहीच नाही. पण त्या काळी तब्येतीमुळे निवृत्त झालेला पन्नाशीचा माणूस म्हणजे ‘म्हातारा’च.

तेव्हाचा भारत कसा होता तेही लक्षात घ्या. मुंबई-पुण्यात प्लेग होता. देशाच्या मोठ्या भागात दुष्काळ नुकताच पडून गेला होता, अजून एक यायचा होता. मलेरिया डासांमुळे होतो याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला त्याच वर्षी, २० ऑगस्टला सापडला होता. म्हणजे डासांपासून का जपायचं हे जगाला जेमतेम कळायला लागलं होतं. हवा भरलेला टायर येऊन दहाच वर्षं झाली होती. मोठे रस्ते सोडले तर बाकी सगळी धूळ, दगड आणि काटे. दिवसाला चाळीसपर्यंत पंक्चर काढायची वेळ त्यांच्यावर आली!

सामान मोजकंच होतं. चहा, साखर, बिस्किटं, डब्यातलं मांस, पाणी, एकेक ब्लँकेट, औषधांची पेटी आणि दुरुस्तीची हत्यारं. शक्यतो रेल्वेमार्गाच्या जवळून जायचं, म्हणजे अडचणीत सामान मिळतं, असा हिशेब. कधी स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये झोपायचं. उंदीर, डास, उपासमार, तहान हे सगळं त्यांनी सोसलं. दक्षिण टोकापासून हिमालयापर्यंत, शिवाय सिलोन, ब्रह्मदेश आणि जावा धरून त्यांचा प्रवास १४,००० मैलांचा, म्हणजे साधारण साडेबावीस हजार किलोमीटरचा झाला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९०४ मध्ये निघालं.

त्यांची एक बाजू मात्र झाकून चालणार नाही. इथल्या नोकरांशी आणि हमालांशी त्यांचं वागणं तुच्छतेचं होतं. ते साहेबी काळातले साहेब होते. तेव्हा त्यांना देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. आपल्याला त्यांच्याकडून एकच गोष्ट घ्यायची आहे, ती म्हणजे त्यांचा क्रम.

१८९८ च्या उन्हाळ्यात मैदानी प्रदेशातली गरमी टाळायला ते लडाख-काराकोरमच्या बाजूला गेले आणि तिथे गिर्यारोहणाची गोडी लागली. १९०६ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, फॅनी पिनॅकल पीक हे ६,९०० मीटरहून उंच शिखर चढल्या. स्त्रियांमधला हा विक्रम १९३४ पर्यंत टिकला. १९१२ मध्ये हे जोडपं सियाचीन हिमनदीचं सर्वेक्षण करत होतं. तेव्हा डॉक्टर ६५ वर्षांचे होते. प्रकृती बरी नाही म्हणून चाळिशीत निवृत्त झालेला हा माणूस पुढे नव्वदीपर्यंत जगला.

आधी छोटे प्रवास, मग मोठे, मग खडतर, आणि शेवटी डोंगर. सायकल ते सियाचीन ही वीसेक वर्षांची चढती भाजणी होती.

त्या काळचे डॉक्टर काय म्हणत होते?

१८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत सायकलचं वेड पसरलं होतं आणि आमचे वैद्यकीय पूर्वज चिंतेत पडले होते. सायकलमुळे हृदय मोठं होऊन बिघडतं, त्याला नाव दिलं ‘सायकल-हृदय’. तोल सांभाळण्याच्या ताणानं चेहरा कायमचा ओढल्यासारखा होतो, तो ‘सायकल-चेहरा’! स्त्रिया आणि वयस्कर माणसं यांना तर हमखास इशारा असायचा.

सगळेच असं म्हणत नव्हते. इंग्लंडमधले डॉ. बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन पन्नाशी उलटल्यावरही तीनचाकी सायकल चालवायचे. अतिरेकानं हृदयाला इजा होऊ शकते, पण बेतानं चालवली तर सायकल हितकारकच आहे, असं त्यांचं मत होतं. आजही मी याहून फार वेगळं सांगणार नाही.

आणि काही माणसांनी कुणालाच विचारलं नाही! अमेरिकेतल्या समाजसुधारक फ्रान्सिस विलर्ड ५३ व्या वर्षी सायकल शिकल्या आणि त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. लिओ टॉलस्टॉय १८९५ मध्ये ६७ व्या वर्षी सायकल शिकले. त्याच वर्षी त्यांचा लहानगा मुलगा वारला होता.

त्याआधीचीही एक नोंद आहे. विल्यम हेबर्डेन या इंग्लिश डॉक्टरांनी अठराव्या शतकात अंजायनाचं, म्हणजे श्रमानं छातीत येणाऱ्या कळेचं, पहिलं नेमकं वर्णन केलं. १८०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात एका रुग्णाचा उल्लेख आहे. त्यानं रोज अर्धा तास लाकूड कापायचा नेम धरला आणि तो जवळजवळ बरा झाला. हृदयरोगावर व्यायामाची ही नोंद सव्वादोनशे वर्षं जुनी आहे. पण आम्ही ती विसरलो.

सहा आठवडे अंथरुणात

१९१२ मध्ये शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी हार्ट अटॅकचं नीट वर्णन केलं आणि पूर्ण विश्रांतीचा सल्ला दिला. हृदयाची जखम भरून पक्की व्हायला सहा आठवडे लागतात, म्हणून सहा आठवडे पलंगावरून हलायचं नाही, असा रिवाज पडला. कुशीवर वळायलाही मदत घ्यायची. हेतू चांगला होता. पण पडून राहिल्यामुळे पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायच्या, त्या फुफ्फुसात जायच्या, न्यूमोनिया व्हायचा. रोगातून वाचलेली काही माणसं विश्रांतीनं जायची.

१९५२ मध्ये बॉस्टनच्या लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी रुग्णांना लवकर उठवून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली. नुसतं खुर्चीत बसवणं, पण तेव्हा तेही धाडस वाटलं! पुढच्याच वर्षी लंडनच्या डॉ. जेरेमी मॉरिस यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुमजली बसचे ड्रायव्हर दिवसभर बसून, तर कंडक्टर दिवसाला शेकडो पायऱ्या चढउतार करणारे. कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. एकच कंपनी, एकच बस, पण बसणाऱ्याचं हृदय वेगळं आणि चढणाऱ्याचं वेगळं.

सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हार्ट अटॅक आला. ते ६४ वर्षांचे होते, आमच्या काकांच्याच वयाचे. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी एक हृदयरोगतज्ज्ञ होते डॉ. पॉल डडली व्हाइट. ते स्वतः सायकलचे मोठे पुरस्कर्ते. अध्यक्ष पुन्हा कामाला लागले, दुसऱ्यांदा निवडूनही आले. हार्ट अटॅकनंतर माणूस कामाचा राहत नाही, या समजुतीला त्यामुळे चांगलाच धक्का बसला.

तीन आठवडे आणि तीस वर्षं

आता माझा सर्वात आवडता प्रयोग. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलस इथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं. शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, म्हणजे आपल्या इंजिनाची ताकद किती, हे आधी आणि नंतर मोजलं. तीन आठवड्यांत ती पाव हिश्श्याहून जास्त घटली.

तीस वर्षांनी तीच पाच माणसं परत तपासली. सगळे पन्नाशीत, वजनं वाढलेली. तरी तीस वर्षांच्या वयानं जेवढी ताकद गेली होती, त्यापेक्षा विशीतल्या तीन आठवड्यांच्या झोपण्यानं जास्त गेली होती! मग त्यांना सहा महिने बेताबेतानं व्यायाम दिला. ताकद पुन्हा विशीत, झोपवण्याआधी होती तिथे आली.

पलंगावर पडून राहणं वय वाढण्यापेक्षा जास्त नुकसान करतं. आणि गेलेलं बरंचसं परत मिळतं, फक्त महिने द्यावे लागतात.

२०१५ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजनं ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलस्वारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यात साडेसहा तासांच्या आत १०० किलोमीटर जाणारे पुरुष आणि साडेपाच तासांत ६० किलोमीटर जाणाऱ्या स्त्रिया होत्या. कितीतरी चाचण्या करूनही नुसत्या आकड्यांवरून त्यांचं वय नेमकं ओळखता येईना. मात्र या अभ्यासात धूम्रपान करणारे आणि ब्लडप्रेशर असलेले लोक घेतलेच नव्हते. म्हणजे काकांना तो जसाच्या तसा लागू होत नाही. हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

फ्रान्सचे रोबेर मार्शां तर सगळ्यांच्या पुढे. जन्म १९११ चा. १०१ ते १०३ या वयात शास्त्रज्ञांनी त्यांना ठरवून व्यायाम दिला. ८० टक्के सायकल हलक्या वेगात, २० टक्के जोरात. दोन वर्षांत त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता १३ टक्क्यांनी वाढली! १०२ व्या वर्षी त्यांनी एका तासात २६.९२७ किलोमीटर अंतर कापलं.

काका-काकूंनी काय केलं?

मी काकांना म्हणालो, “जा, पण एक वर्षानं. आणि हे वर्ष माझ्या हिशेबानं घालवायचं.”

पहिल्यांदा तपासण्या. बीपी, शुगर, रक्त, ईसीजी, टू-डी इको आणि काकांची स्ट्रेस टेस्ट. श्रमानं छातीत दडपण, अचानक चक्कर, घरात तरुण वयात हृदयविकार असं काही आहे का, हे खोदून विचारलं. काकांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. उन्हात तासन्‌तास घाम गाळणाऱ्याला त्यानं पाणी आणि सोडियम कमी पडू शकतं, म्हणून ती बदलली. असे बदल स्वतःहून करू नका, डॉक्टरांनाच करू द्या.

पहिले तीन महिने सपाट रस्ता. आठवड्यातून चार दिवस, बोलता येईल इतक्याच वेगात. दम लागून वाक्य तुटलं की वेग कमी करायचा. काकूंच्या सायकलची सीट थोडी वर घेतली, कारण सीट खूप खाली असली की गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीवर दाब येतो. चढावर हलका गिअर, पायडल भराभर. गुडघ्यांसाठी याहून स्वस्त औषध नाही.

त्याबरोबर आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम. खुर्चीतून हात न टेकता उठणं, पायरी चढणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं. हे सायकलइतकंच महत्त्वाचं आहे. सायकलवर वजन सीट पेलते, त्यामुळे हाडांना हवा तो भार मिळत नाही. नुसती सायकल चालवणाऱ्यांची हाडं ठिसूळ असू शकतात, आणि कच्च्या रस्त्यावर पडणं तर होणारच. १९९० मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे वजनं उचलायला लावली, तर त्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून जास्त झाली. मग साठीत का नाही होणार?

चौथ्या महिन्यापासून यवतेश्वरचा घाट. आधी निम्मा, मग पूर्ण, मग पुढे कासपर्यंत. त्यानंतर कच्चे रस्ते, आणि सामान लादून सलग दोन-तीन दिवस. घाटात काका एकदा ईर्षेनं पुढे गेले आणि वर जाऊन मटकन बसले. काकू मागून सावकाश आल्या आणि म्हणाल्या, “डॉक्टरांनी सांगितलंय ना, बोलता आलं पाहिजे. आता बोला!” तेव्हापासून पुढे काकू असतात आणि वेग त्या ठरवतात. जोडीनं जायचं तर वेग मागच्याचा, हा नियम मी आता सगळ्यांनाच सांगतो.

उंचीबद्दल माझा हट्ट वेगळा होता. सिमला-किन्नौरचा रस्ता हळूहळू चढतो, म्हणून तोच घ्यायचा. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. डोकेदुखी आणि मळमळ असेल तर वर जायचं नाही. तोल जाऊ लागला, बडबड झाली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असो की दिवस, लगेच खाली उतरायचं. या त्रासाचा फिटनेसशी संबंध नाही, तो तरुण पैलवानालाही होतो.

‘नाही’ कधी म्हणायचं?

डॉक्टर कधीच अडवत नाहीत असं समजू नका. नुकताच हार्ट अटॅक किंवा पक्षाघात झालेला, थोड्या श्रमानं छातीत दुखणारा, हृदयाची झडप फार अरुंद झालेला, अनियंत्रित बीपी किंवा शुगर असलेला, अशा पेशंटला मी आजही थांबवतो. रक्त पातळ करायची औषधं घेणाऱ्याला पडण्याचा धोका समजावून सांगतो. इन्सुलिन घेणाऱ्याला खिशात साखर ठेवायला सांगतो. पण ‘थांबा’ म्हणताना ‘कधीपर्यंत’ आणि ‘तोवर काय करायचं’ हेही सांगायचा आता मी प्रयत्न करतो. त्या शिक्षकांना मी हे दोन्ही सांगितलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात दोघं फिटनेस सर्टिफिकेट घ्यायला आले. काकांचं बीपी नव्या गोळीवर छान ताब्यात आहे. काकूंचं वजन सात किलोंनी उतरलंय, शुगर नॉर्मलला आलीय, गुडघा जिना उतरताना अजून कधीकधी बोलतो. सर्टिफिकेटवर सही करून मी विचारलं, “समजा रस्ता बंद झाला, जाता आलं नाही, तर?”

काकू हसल्या. “नऊ वर्षं सासूबाईंच्या आजारपणात मी घराबाहेर पडले नव्हते, डॉक्टर. या वर्षात मी कासला किती वेळा जाऊन आले, मोजलंच नाही. काझा राहिलं तर पुढच्या वर्षी.”

तुमच्या घरातल्या साठीच्या माणसानं उद्या असा काही बेत सांगितला, तर हसू नका आणि लगेच ‘नको’ही म्हणू नका. त्यांना आधी डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि मग तयारीला वर्षभर वेळ द्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तपासण्या, औषधं आणि व्यायाम तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच ठरवा.)